नैराश्य परतल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करताना

कपाटात उरलेली जुनी पट्टी काढून थेट जुन्याच डोसवर जाऊ नका. मध्ये काही आठवड्यांचा खंड पडला असेल तर शरीराची सवय मोडलेली असते. मळमळ, अस्वस्थपणा, झोपमोड जोरात होते आणि माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो. डॉक्टर सहसा खालून चढतात: एस्सिटालोप्राम ५ किंवा १० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २५ किंवा ५०.

भेटीला जाताना लिहून न्या: आधी कोणती गोळी, किती डोस, कशाने त्रास झाला, कधी व कशी बंद केली. पूर्वी लागू पडलेलं औषध बहुधा पहिली निवड असते. ट्रामाडोल (वेदनाशामक) किंवा मायग्रेनच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर आवर्जून सांगा. कधी झोपेविनाही अफाट उत्साहाचे दिवस गेले असतील तर तेही सांगाच, कारण मग उपचारच बदलतो.

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. एक-दोन आठवड्यांत ती बहुधा ओसरते. मनाला फरक जाणवायला २ ते ४ आठवडे, पूर्ण परिणामाला ६ ते ८. या सुरुवातीच्या काळात, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांत, बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवा.

बरं वाटल्यावरही गोळ्या निदान ६ महिने चालू ठेवायच्या, वारंवार परतणाऱ्या आजारात २ वर्षं किंवा जास्त.