दातांना तारा लावायच्यात? डॉक्टर कसा शोधायचा आणि पुढे काय काय होतं

लेकीचे वरचे दात पुढे आलेले, घराजवळच्या दवाखान्याच्या बोर्डवर 'क्लिप बसवून मिळेल' दिसलं आणि आम्ही सरळ आत गेलो, डॉक्टरांची डिग्री काय हे विचारलंच नाही. तुम्ही सुरुवात डिग्री विचारूनच करा.

बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर, इंटर्नशिप धरून ५ वर्षांचा कोर्स. सिमेंट भरणं, रूट कॅनॉल, दात काढणं हे सगळं ते करतात. पण दात सरकवणं हे वेगळं काम आहे, त्यासाठी पुढे ३ वर्षांचं एमडीएस असतं, तेही ऑर्थोडॉन्टिक्समधलं. नुसतं एमडीएस वाचून थांबू नका, ते हिरड्यांचं पण असतं. विषय कुठला ते विचारा, आणि महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर पण विचारा, यात लाजायचं काही नाही. बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोवाले डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात, चालतं, फक्त मधेच तार टोचायला लागली तर कोण बघणार ते आधीच ठरवून घ्या.

दवाखाना जवळचाच बघा. ट्रीटमेंट साधारण दीड-दोन वर्षं चालते, दर ४ ते ६ आठवड्यांनी जावं लागतं, दोन बस बदलून जायचं असेल तर पोरांच्या परीक्षेत हमखास खाडा होतो. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरचं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबईतलं नायर डेंटल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे जाऊन या, वेळ जास्त जातो पण पैसे बरेच वाचतात.

मूल ७ वर्षांचं झालं की एकदा दाखवून ठेवा. लगेच तारा लावतात असं नाही, पण अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, जबड्याची वाढ हे तेव्हाच लक्षात येतं. आणि मोठेपणी पण तारा लावता येतात, हिरड्या आणि हाड धड असलं म्हणजे झालं.

पहिल्या एक-दोन भेटींत ओपीजी एक्सरे (सगळे दात आणि जबडा एकत्र दिसतो तो), सेफॅलोग्राम म्हणजे डोक्याचा बाजूने घेतलेला एक्सरे, दातांचं माप, फोटो एवढं व्हायला हवं. याशिवाय कोणी आजच ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतात ती छोटी बटणं) चिकटवू म्हणालं तर उठून या. चांगले दात काढायला सांगितले की पोटात गोळा येतो, पण जबड्यात जागाच नसेल तर बहुतेक वेळा सुळ्यामागची लहान दाढ काढतात. का काढायची ते एक्सरेवर दाखवा म्हणायचं.

पैशाचं कागदावर घ्या. ब्रॅकेट निघालं तर वेगळे पैसे का, रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालतात तो) यात धरलाय का, हप्ते कसे. सगळी रक्कम एकदम देऊ नका.

तारा लावल्या की पहिले तीन-चार दिवस दुखतं, मऊ भात, खिचडी द्या. चिक्की, उसाचं कांडं बंद, पेरू बारीक चिरून. तार टोचते तिथे ऑर्थो वॅक्स, म्हणजे त्यासाठीचं मऊ मेण, लावायचं. ब्रॅकेटभोवती छोट्या इंटरडेंटल ब्रशने रोज साफ करायचं, नाहीतर तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात.

आणि रिटेनर! इथेच सगळे ढिले पडतात. दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं, ते पक्कं व्हायला वेळ लागतो, तोवर दात जुन्या जागी परत जायला बघतात. डॉक्टर सांगतील तितके तास तो घालायचाच. जेवताना काढला की टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, हॉटेलात ताटाबरोबर थेट कचऱ्यात जातो, त्याची डबी कायम दप्तरात असू द्या.