नवी एडिशन येणार असताना फौज कशी रंगवावी

दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडले असतील, तर हा छंद समजायला दोन मिनिटं पुरतात. किल्ल्यावरचे मावळे रंगवलेले मिळायचे. इथे सैनिक करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात. हात वेगळे, मुंडकं वेगळं, भाला तिसरीकडेच. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर दोन फौजांची लढाई लावायची. सैनिक जेमतेम तीन सेंटिमीटर उंच. सांगाडे, उंदीरमाणसं, चिलखतातले योद्धे, राक्षस, ज्याला जे आवडेल ते.

आम्ही चौघं एका रविवाराआड माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या घरी जमतो. दोघं वाशीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात. चौथा घोडबंदर रोडवरून येतो, म्हणजे राहतो सगळ्यात जवळ आणि पोचतो सगळ्यात उशिरा. नव्या एडिशनची, म्हणजे नियमांच्या नव्या आवृत्तीची, कुणकुण लागली की चौघांपैकी कुणीतरी ब्रश खाली ठेवून म्हणतोच, "थांबूया का? नवीन एडिशनमध्ये हे युनिट कामातून गेलं तर?" (युनिट म्हणजे एकत्र लढणारा सैनिकांचा गट.) थांबायचं नाही. पण रंगवायचं कसं, हे मात्र त्या हिशोबाने ठरवायचं.

काय बदलतं, काय टिकतं

या खेळांतला सगळ्यात मोठा खेळ वॉरहॅमर, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा. फॅन्टसी वॉरहॅमर १९८३ साली आला. २०१५ मध्ये कंपनीने तो गुंडाळून एज ऑफ सिग्मार सुरू केला, आणि त्याच्या पुढच्या एडिशन २०१८, २०२१ आणि २०२४ मध्ये आल्या. दर तीन वर्षांनी, अगदी घड्याळ लावल्यासारखं. त्या हिशोबाने पुढची केव्हा, ते तुम्हीच बोटांवर मोजा.

दर वेळी पहिल्यांदा बदलतात पॉइंट्स. प्रत्येक युनिटची किंमत पॉइंट्समध्ये असते, नेहमीचा मोठा खेळ २००० पॉइंट्सचा, आणि किंमत हलली की काल बरोबर बसलेली फौज आज उतू जाते किंवा कमी पडते. मग बदलते फौज बांधायची पद्धत. २०२४ च्या एडिशनमध्ये प्रत्येक तुकडीच्या, म्हणजे काही युनिट्सच्या गटाच्या, डोक्यावर एक नायक लागायला लागला, आणि ज्यांच्याकडे पायदळ ढीगभर पण नायक एकच होता, ते कपाळाला हात लावून बसले. कधीकधी आख्खी फौजच बाहेर जाते. त्याच वर्षी बीस्ट्स ऑफ केऑस, म्हणजे शिंगवाली बोकडमाणसं, एज ऑफ सिग्मारमधून काढत असल्याचं जाहीर झालं. ती गेली द ओल्ड वर्ल्ड या दुसऱ्या खेळात, जो जानेवारी २०२४ मध्ये आला आणि जुन्या वॉरहॅमरसारखा चौकोनी बेसवर (बेस म्हणजे सैनिकाच्या पायाखालचा तळ) खेळतात. एज ऑफ सिग्मारला मात्र गोल बेस लागतात. आमच्यातल्या एकाची नेमकी हीच फौज, चाळीस बोकडं, सगळी गोल बेसवर पक्की चिकटवलेली. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

म्हणून माझा नियम एकच: आज कोण ताकदवान आहे ते बघून काही विकत घेऊ नका. ताकद नियमांच्या पुढच्या पीडीएफमध्ये उतरते. डोळ्याला आवडलेला सैनिक दहा वर्षांनीही आवडतो.

खरेदीआधी पुठ्ठा

नवीन युनिटचा मोह झाला, तर आधी बेसच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. २५, ३२ आणि ४० मिलिमीटरच्या चकत्यांत बरंच काही भागतं. वर पेनाने नाव लिहा आणि दोन-तीन खेळ त्यांनीच खेळा. कंटाळा आला नाही तरच बॉक्स मागवा. बॉक्स मागवताना जोडीदार शोधा. नवीन एडिशनच्या पहिल्या मोठ्या बॉक्समध्ये सहसा दोन फौजा असतात (२०२४ च्या बॉक्समध्ये एका बाजूला चिलखती स्टॉर्मकास्ट, दुसऱ्या बाजूला उंदीरमाणसं, म्हणजे स्केव्हन), त्यामुळे दोघांत वाटून घेतला की खर्च अर्धा होतो. फक्त उंदीर कोण घेणार, हे पैसे देण्याआधी ठरवा. आमच्याकडे ते नंतर ठरलं आणि दोन रविवार अबोला होता.

जोडणी: हात सुटे ठेवा

ज्या सैनिकाला तलवार किंवा भाला असे दोन पर्याय असतात, त्याचा हात चिकटवू नका. खांद्यात आणि हातात बारीक भोक पाडून दोन मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक बसवा. उद्या नियमांनी भाला महाग केला की हात काढून तलवारीचा लावायचा. चुंबकाची बाजू मात्र आधी मार्करने खुणावून घ्या. मी पहिल्या वेळी खुणावली नव्हती; माझ्या सरदाराचा हात खांद्याजवळ नेला की मांजराने पंजा मागे घ्यावा तसा उडायचा. चुंबक उकरून काढायला अर्धी रात्र गेली.

प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट वापरा, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून जोडतं. धातू आणि रेझिनला फेविक्विकसारखा सुपरग्लू. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो, त्यामुळे जुलैत तो बोट बाजूला घ्यायलाही वेळ देत नाही आणि भोवती पांढरट धुरकट डाग सोडतो. पावसाळ्यात थेंब नाही, टूथपिकच्या टोकाने टिपका लावा. कुणी रेझिनचे थ्रीडी प्रिंट केलेले सैनिक आणून दिले तर ते घासताना मास्क लावा आणि पाण्याखालीच घासा.

प्रायमर, आणि ठाण्याचा पाऊस

प्रायमरशिवाय, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या हाताशिवाय, अ‍ॅक्रिलिक रंग प्लॅस्टिकवर धरत नाही, नखाने निघतो. पुस्तकी सल्ला म्हणजे स्प्रेचा कॅन घ्या आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलके झोत मारा. हा सल्ला नोव्हेंबर ते मे छान चालतो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि तेव्हा स्प्रे मारला तर रंग दाणेदार बसतो, सैनिकावर रांगोळी सांडल्यासारखा. ते परत गुळगुळीत होत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर वापरायचा, पातळ दोन हात, मध्ये तासभर सुकू द्यायचं. किंवा शहाण्यासारखं मे महिन्यातच सगळी फौज गच्चीत नेऊन प्राइम करून ठेवायची आणि पाऊसभर आरामात रंगवायची. आम्ही आता हेच करतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, स्प्रेचा वास वाळवणाच्या पापडांपर्यंत जातो.

एका संध्याकाळी दहा सांगाडे

पहिल्यांदा रंगवत असाल तर सांगाड्यांपासून सुरुवात करा. त्यांच्याइतका चुका माफ करणारा सैनिक नाही. दहा सांगाडे सोड्याच्या बाटलीच्या झाकणांवर तात्पुरते चिकटवा, म्हणजे बोटं रंगावर लागत नाहीत. हाडाच्या रंगाचा, म्हणजे साधारण जुन्या हस्तिदंतासारखा, एक हात द्या. रंग ताकाइतका पातळ हवा, एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. कॅम्लिनचे आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक चालतात, फक्त ते घट्ट असतात, पाणी घालायला कचरू नका. पोस्टर कलर नको. वरून ओला ब्रश फिरला की खालचा रंग उठून येतो.

मग तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, कोऱ्या चहासारखा. तो आपला आपण बरगड्यांच्या फटीत, डोळ्यांच्या खोबणीत जाऊन बसतो. कुठे थारोळं झालं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. पूर्ण सुकू द्या, इथे घाई केलीत तर सगळा चिखल होतो. शेवटी ड्रायब्रश: जुन्या ब्रशला जवळपास पांढरा रंग लावा, तो पेपरवर पुसा, परत पुसा, जवळपास काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत पुसा, आणि मग सांगाड्यावरून झाडल्यासारखा फिरवा. कवटीचा माथा, गुडघे, बोटांची पेरं उजळतात आणि खोबणी काळोखीच राहते. पहिल्यांदा हे होताना बघणं म्हणजे जादूच आहे. आमच्या घोडबंदरवाल्याने त्या क्षणी तोंडातला वडा ठेवून "अरे!" एवढंच म्हटलं होतं.

ब्रशबद्दल एक गैरसमज. बारीक कामाला सगळ्यात बारीक ब्रश लागतो असं वाटतं. लागतं ते टोकदार टोक. एक नंबरचा चांगला ब्रश तीन शून्याच्या ब्रशपेक्षा जास्त रंग धरतो आणि टोकावर वाळत नाही. वाळण्यावरून आठवलं, टेबलावरचा पंखा बंद करा. मे महिन्यात यावरून घरात भांडण होईल, त्यावर उपाय म्हणजे ओली पॅलेट: चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावून ठेवलं तर रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी अगदी शेवटी करतात. आपण उलट करायचं. माणसांच्या चेहऱ्यावर डोळे आधी रंगवा, मग चुकलेलं सगळं कातडीच्या रंगाने झाकत या. किंवा डोळे रंगवूच नका. हातभर अंतरावरून कुणालाही दिसत नाहीत.

चौघांत काम वाटायचं कसं

आम्ही आधी सैनिक वाटून घेतले होते, प्रत्येकी दहा. ओळीत उभे केल्यावर एकाच पलटणीत चार वेगळे निळे. आता रंग वाटतो. सगळं चामडं एकाच्या हाती, सगळा धातू दुसऱ्याच्या, अशी फौज फिरत राहते. गप्पा मारत मारत वीस सैनिक दुपारभरात होतात. रंगाचं मिश्रण प्रत्येक युनिटमधल्या एका बेसच्या तळाशी लिहून ठेवा, "निळा २ काळा १" असं. तीन वर्षांनी नवीन नियमांत त्या युनिटला आणखी पाच सैनिक लागले, तर तोच रंग परत जुळवायला हीच ओळ कामी येते.

बेस

किल्ल्याचंच साहित्य. चाळलेली माती, बारीक वाळू, पाणी घातलेला फेविकॉल. वाळक्या गवताला काथ्याचे धागे. मी एकदा दलदल दाखवायला धुतलेला चहाचा चोथा वापरला, पण तो नीट वाळवला नव्हता. जुलैत माझ्या सांगाड्यांच्या पायांशी खरीखुरी बुरशी उगवली. आई म्हणाली, "अरे, ही भुतं फ्रीजवर नको ठेवूस." चोथा वापरायचाच तर चांगला दोन दिवस उन्हात वाळवा.

बेसच्या खाली चुंबक लावा आणि सैनिक पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात न्या. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतही ते हलत नाहीत. स्टीलचा जेवणाचा डबा घेण्याआधी चुंबक लावून बघा, बऱ्याच स्टीलला तो चिकटतच नाही. आणि सैनिकाचे पाय बेसला एका टिपक्याने धरा, पक्के नको. बोकडवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याने चौकोनी ट्रे कापून त्यांना गोल भोकं पाडली आणि बेसांसकट बोकडं त्यात बसवली. दिसतं विचित्र, पण ओल्ड वर्ल्डमध्ये त्याची फौज उभी राहते.

नियम आले की

अफवांवरून फौज मोडू नका. २०२४ मध्ये सगळ्या फौजांचे नियम एडिशनबरोबरच फुकट डाउनलोडला आले होते, त्यामुळे आधी छापील पुस्तक घेण्याची घाई नको. पहिले दोन खेळ अर्ध्या फौजेने खेळा, आणि एकाने फक्त नियम वाचायचं काम घ्या, तो त्या दिवशी लढणार नाही. आमच्याकडे हे काम जो सगळ्यात उशिरा पोचेल त्याला मिळतं. तो अजून तरी एकच माणूस आहे.