कायोवा बाईचं पेंटिंग नेमकं बघायचं कसं

शॅरन अहटोन हार्जो या अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या कायोवा (तिथली एक मूळनिवासी जमात) चित्रकार, जन्म 1945 चा, त्यांचं एखादं चित्र समोर आलं की आपण काय करतो, घोडा दिसला, पिसं दिसली, छान म्हणून पुढे. तसं करू नका.

आधी मोकळी जागा बघा. मागे डोंगर नाही, आकाश नाही, सावलीसुद्धा नाही, आणि हे काही अर्धवट सोडलेलं नाहीये, ही लेजर आर्टची पद्धत आहे, म्हणजे हिशोबाच्या वहीतली चित्रं. 1875 ते 1878 मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनला कैदेत असलेल्या कायोवा पुरुषांनीही अशी चित्रं काढली होती.

‘पुरुषांनी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला बरं का. पूर्वी माणसं-घोडे काढायचे पुरुषांनी, बायकांकडे चामड्यावरचे त्रिकोण-चौकोन आणि मणीकाम. 1920 च्या दशकात गाजलेल्या सहा कायोवा चित्रकारांत बाई एकच, लोइस स्मोकी. त्यामुळे बाईने माणसं रंगवली हीच मोठी गोष्ट!

मग कपड्यांकडे या, खरी मजा तिथेच. ड्रेसवर ओळीने पांढरे ठिपके असतील तर ते बहुतेक एल्कचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचे दात, अशा ड्रेसला फार मान. बाळाचा पाळणा असला तर दोन्ही बाजूंचं मणीकाम जुळवून बघा, बऱ्याचदा डावीकडचे रंग वेगळे, उजवीकडचे वेगळे. चूक नाही ती, मुद्दाम केलेलं असतं.

चेहरे शेवटी बघितले तरी चालतील.