पैठणीचे फोटो काढण्याआधी

ऑनलाइन घेतलेली पैठणी परत येते, तेव्हा तक्रार बहुधा रंगाची असते. गिऱ्हाइकाची चूक नसते आणि साडीतही खोट नसते, रंग फोटोत चुकलेला असतो. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधीची तयारी महत्त्वाची.

आदल्या दिवशी साडी घडीतून काढून सैल टांगून ठेवा. सुरकुत्या राहिल्याच तर वर सुती कापड अंथरून, उलट्या बाजूनं मंद इस्त्री फिरवा. सुरकुती एडिटिंगमध्ये पुसायला गेलात की तिथलं विणकामही पुसलं जातं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, रेशमाचा धागा नखालाही अडकतो. कपड्यांवरचे तंतू काढायचा चिकट रोलर जवळ असू द्या.

उजेड एकाच जातीचा हवा. उत्तरेकडची खिडकी उत्तम. ती वापरणार असाल तर खोलीतले सगळे दिवे बंद करा, नाहीतर पदराचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा पिवळट येईल आणि दोन्ही एकदम दुरुस्त करता येणार नाहीत. भिंत हिरवी-गुलाबी असेल तर तिचा रंगही साडीवर उतरतो, तिथे पांढरी चादर लावा. एलईडी वापरायचे तर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा 100 पैकी आकडा) 95 च्या वरचे घ्या. त्यांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले, तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यानं हे वेग जुळतात.

जरीला स्वतंत्र वेळ द्या. ती आरशासारखी असते, समोर जे असेल ते दाखवते. उघडा बल्ब समोर असला की पांढरे ठिपके पडतात, समोर काळोख असला की तीच तपकिरी, मेलेली दिसते. खिडकीवर पातळ पांढरं कापड लावा आणि समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कार्डशीट धरून हळूहळू तिरकी करत जा. एका कोनात बुट्ट्या एकदम सोनेरी होतात, तिथेच थांबा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, इथे फारसा कामाचा नाही. धातूची चमक त्यानं जात नाही, उलट रेशमाची झळाळी मरते आणि साडी साधी वाटते.

धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे एकच ‘खरा रंग’ पकडायच्या फंदात पडू नका. कॅमेरा न हलवता साडीची एक चुणी वळवून दुसरा फोटो घ्या आणि दोन्ही द्या. पदर सरळ, काठ जवळून आणि पदराची उलटी बाजू, हे फोटो हवेतच. हातमागाच्या पैठणीत मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, मागे लोंबते धागे नसतात. जाणकार गिऱ्हाईक तेच शोधतं.

ट्रायपॉड, आयएसओ 100, लेन्सचं छिद्र एफ/8 च्या आसपास, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). पहिल्या फोटोत साडीवर ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड, ठेवा, उजेड बदलला की पुन्हा ठेवा. राणी आणि लाल रंगात एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधीच मर्यादेबाहेर जाऊन फुटलेला असतो आणि विणीचा पोत जाऊन सपाट डाग उरतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा स्टॉप, म्हणजे अर्धी पायरी, कमी ठेवा. मोबाइलवर काढत असाल तर ब्यूटी, फिल्टर, सीन मोड बंद, आणि वाइड लेन्स टाळा, तिनं काठ वाकतो.

एडिटिंगला बसताना स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना, ते आधी पाहा. ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) घ्या, तोच त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावा, मग एक्स्पोजर. सॅच्युरेशनला (रंगाच्या गडदपणाला) हात लावू नका; साडी परत येण्याचं मोठं कारण तेच. फाइल एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्येच काढा, दुसऱ्या कलर प्रोफाइलमधला फोटो काही ठिकाणी फिका पडतो. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला पार्श्वभूमी शुद्ध पांढरी म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 लागते, वस्तूनं चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो आणि झूमसाठी लांब बाजू किमान 1000 पिक्सेल हवी. पार्श्वभूमी कापताना पदराचे गोंडे छाटले जातात, तिथे मास्क (कापायच्या भागाची आखणी) हातानं करा.

शेवटी साडी खिडकीशी धरून दोन वेगवेगळ्या मोबाइलवर फोटो शेजारी ठेवून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि जरीचे बारीक धागे आधी जातात.