दगड ओळखायचा असेल तर आधी विहिरीत डोकवा

माझे वडील विहिरी खोदायचे. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात त्यांना फुरसत म्हणून नव्हती. वर येणारा मलबा बघून ते हाळी द्यायचे, "मुरूम सरला, मांजऱ्या लागला!" पुढे मी कोकणात भूगोलाचा मास्तर झालो आणि अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित हे तीन शब्द तीस वर्षं फळ्यावर लिहिले. पोरं ते पाठ करायची आणि बाहेर पडल्यावर एक दगड ओळखायची नाहीत. म्हणून माझी पद्धत वडिलांची आहे: दगडाचं नाव शेवटी विचारायचं, आधी त्याच्यावर काय काय बेतलंय ते बघायचं.

सुरुवात देशावरच्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीपासून करा. मार्च-एप्रिलात पाणी तळाला गेलं की काठावर सुरक्षित जागी बसायचं आणि वरून खाली नजर न्यायची. सगळ्यात वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरट खडे. खाली पिवळसर-तपकिरी मुरूम. मुरमात गोल गोटे अडकलेले दिसतील. ते नदीने आणलेले वाटतात, पण जागचेच असतात. मूळ खडकाला आडव्या-उभ्या भेगा असतात, त्यातून पाणी मुरतं. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी खातं, सपाट बाजूला एकीकडूनच. म्हणून कोपरे आधी झडतात. गोट्यावर नख लावा, कांद्यासारखे पापुद्रे सुटतील आणि आत काळा, टणक गाभा निघेल. खडकाचा मुरूम आणि मुरमाची माती कशी होते, ते एवढ्या एका गोट्यात दिसतं. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीतही असे गोटे सापडतात.

मुरमाखाली मांजऱ्या: भोकाभोकांचा खडक, भोकं पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेली. त्याखाली भरीव काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. दोन्ही एकाच लाव्ह्याचे, म्हणजे अग्निजन्य. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलाय. प्रत्येक थरात वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग थिजताना तिथेच अडकले, म्हणून डोकं सच्छिद्र आणि पोट भरीव. पुढे झिरपत्या पाण्याने त्या भोकांत गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असली खनिजं भरली. म्हणजे भोकं आधीची, भरणा नंतरचा.

नशीब असेल तर पाषाणाखाली विटकरी लाल पट्टा दिसेल. वडील त्याला गेरू म्हणत. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात खालच्या थराच्या माथ्याची माती झाली आणि वरून नवा तापलेला लाव्हा आला तेव्हा ती भाजली गेली. त्या पट्ट्याखाली पुन्हा मांजऱ्या लागतो, कारण तिथे आणखी जुन्या थराचं डोकं सुरू होतं. सह्याद्रीचे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे बघताना हेच आठवा: उभा कडा म्हणजे बहुधा भरीव पाषाण, आणि मधली गवताळ, निजती पट्टी म्हणजे झिजलेला मऊ भाग.

आता हातात दगड घ्या. सोबत दहापट भिंग, लोखंडी खिळा, चुंबक, लिंबू आणि वही एवढं पुरे. किल्ल्यावर किंवा लेण्यात हातोडा चालवायचा नाही. रस्त्याकडेच्या खडीत ताजा फुटलेला तुकडा मिळतो. बाहेरची तपकिरी साल फसवी असते, ताजा पृष्ठभागच बघायचा. बसाल्टमध्ये साध्या डोळ्यांना कण दिसत नाहीत, कारण लाव्हा लवकर थिजला आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. (मंचरच्या बाजूला मात्र पांढऱ्या लांबट काड्या असलेला बसाल्ट आहे, त्या काड्या लाव्हा बाहेर येण्याआधी, खाली सावकाश वाढल्या.) ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात, ते बसाल्टमधून सुटलेलं मॅग्नेटाइट, एक लोहखनिज. पांढरं खनिज खिळ्याने ओरखडलं तर कॅल्साइट असू शकतं, लिंबू पिळून फसफसतंय का ते भिंगातून बघा. खिळा नुसताच घसरला तर गारगोटी समजा. प्रत्येक दगडाला नंबर द्या आणि कुठे मिळाला ते वहीत लिहा. गाव विसरलेला दगड कशाच्याच कामाचा नाही. माझे असे दोन डबे पडून आहेत.

कोकणात आल्यावर पहिल्याच वर्षी मी तोंडघशी पडलो. शाळेमागच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळी माळावरचा, जांभा दाखवून वर्गाला ठोकून दिलं, "ही भोकं म्हणजे लाव्ह्याचे बुडबुडे." मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील चिरेखाणीत कामाला. म्हणाला, "सर, ही भोकं वाकडी आहेत, एकातून दुसऱ्यात जातात. आत पिवळी माती असते." भिंग लावलं तर पोरगं बरोबर होतं. मांजऱ्याची भोकं गोल किंवा बदामी, सुटी सुटी; जांभ्याची नागमोडी, मातीने भरलेली. मुसळधार पाऊस आणि उष्णतेत, फार मोठ्या काळात, मूळ खडकातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं धुऊन जातात. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरतात, तोच जांभा. खाणीत ताजा चिरा मऊ असतो, कापून उघड्यावर ठेवला की वाळून घट्ट होतो. म्हणजे तोच काळा पाषाण देशावर काळी माती होतो आणि कोकणात तांबडा चिरा. फरक पावसाचा.

स्तरित खडकासाठी समुद्रावर जा. काही किनाऱ्यांवर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने चिकटून झालेला करल मिळतो. भिंगातून शिंपल्यांच्या कडा ओळखू येतात, लिंबू लावलं की फसफसतो.

रूपांतरित खडक देशावर शोधत बसू नका. तिथला लाव्हा तसं व्हायला लागतं तेवढ्या खोल कधी गाडलाच गेला नाही. सिंधुदुर्गात किंवा पूर्व विदर्भात जुने पट्टेदार खडक आहेत. तिकडे जाणं नसेल तर घरातच बघा. शहाबादी फरशी चुनखडकाची: थरांत फुटते, कण दिसत नाहीत. तोच चुनखडक खोल गाडला जाऊन तापला आणि दाबला गेला, की कण नव्याने जुळतात आणि संगमरवर होतो. फुटलेल्या कडेवर साखरेसारखी चमक दिसते. ओट्याच्या ग्रॅनाइटात दाणे वेगवेगळे मोजता येतात, कारण तो जमिनीखाली सावकाश निवला. दुकानातला "काळा ग्रॅनाइट" मात्र बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, तो बसाल्टच्या जवळचा नातलग असतो.

लिंबाची परीक्षा फरशीच्या सुट्या तुकड्यावरच करा. आमच्या देवघरापुढच्या संगमरवरावर माझ्या एका प्रयोगाचा निस्तेज गोल डाग आहे. घरी पाहुणे आले की बायको तो आधी दाखवते, मग चहा टाकते.