दम लागणाऱ्यांनी रात्रीचा डोंगर कसा चढावा

माघी पौर्णिमेच्या पहाटे आम्ही सहा जण गोव्यातल्या पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत चढलो. सहांतले तिघे दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे, त्यांत मी एक. वय पंचेचाळीस, वजन हवे त्यापेक्षा अठरा किलो जास्त, आणि दोन जिने चढले की बोलणे बंद. तरी वर पोहोचले, आणि त्यानंतर आणखी तीनदा जाऊन आले. हे कसे जमले ते सविस्तर सांगते, कारण ‘तुला नाही झेपायचे’ एवढे एक वाक्य ऐकून घरी बसलेली कितीतरी माणसे माझ्या ओळखीची आहेत. त्यांतल्या बहुतेकांना हे झेपेल.

डोंगर निवडताना

पहिल्या वेळी उंचीचा मोह नको. सत्तरी तालुक्यातला सोसोगड गोव्यातला सर्वांत उंच, हजार मीटरच्या वर. पण तो अभयारण्याच्या जंगलात आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत रात्री पाऊल टाकायचे नाही. तिथे परवानगी लागते, रात्रीची ती मिळत नाही, आणि गवे-बिबटे फिरतात त्या वेळी आपण तिथे नसणेच दोघांच्या भल्याचे.

आम्ही चंद्रनाथ निवडला तो विचार करून. उंची सुमारे ३५० मीटर, मडगावहून गाडीने जवळ, आणि देवळाच्या खालपर्यंत पक्का रस्ता. काही बिनसले तर गाडी वर येऊ शकते, आणि नवख्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. वर चंद्रेश्वर भूतनाथाचे जुने देऊळ. दक्षिण गोव्यावर राज्य करणाऱ्या भोज राजांचे हे दैवत, आणि त्यांची राजधानी चंद्रपूर म्हणजे आजचे चांदर. पौर्णिमेचे चांदणे लिंगावर पडले की त्याला पाझर फुटतो असे जुनी माणसे सांगतात. त्यामुळे पौर्णिमेला तिथे जायचे हे आमच्या मनात आपोआप ठरले होते.

मात्र देवस्थान आहे, सहलीचे मैदान नव्हे. आधी एकदा दिवसा जाऊन या. देवळातल्या माणसांना विचारा, रात्री चढलेले चालते का, कुठे बसायचे, कुठे नाही. तिकडे सांगितलेले तंतोतंत पाळा. त्याच फेरीत रस्ता पाहून ठेवा: कुठल्या वळणावर बसायला कठडा आहे, कुठे मोबाईलला रेंज येते, कुठे खडी सुटली आहे. दिवसा एकदाही न पाहिलेला रस्ता रात्री चढू नका, मग तो कितीही सोपा असो.

कधी जायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, शेवाळ धरते आणि एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही आणि बसून काम करणारा माणूस निम्म्या वाटेवरच गळतो. आपल्याकडे तापमानापेक्षा या दमटपणाचा धाक जास्त बाळगावा.

रात्रीची कुठली वेळ, यावर आमच्यात वाद झाला होता. मित्रांना जेवून रात्री दहाला निघायचे होते. माझे मत पहाटेचे, आणि आता तर ते अधिकच पक्के झाले आहे. रात्री दहाला चढायचे म्हणजे दिवसभराच्या कामाने थकलेल्या, भरल्या पोटाच्या अंगाने चढायचे, आणि उतरायचे अंधारात. पहाटे चारला निघालात तर पाच-सहा तासांची झोप झालेली असते, हवा सर्वांत गार असते आणि उतार उजेडात मिळतो. नवख्यांचे पाय घसरतात ते बहुधा उतरताना.

शिवाय पौर्णिमेचा हिशोब असा की चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. पहाटे चारला तो पश्चिमेकडे कललेला, पण अजून चांगला वर असतो. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. सहाला वर पोहोचलात तर एका बाजूला समुद्राकडे उतरणारा चंद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीमागची लाली, दोन्ही एकाच जागेवरून मान वळवून दिसतात.

आधीचे सहा आठवडे

सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास चाला, आणि त्यांतले दोन दिवस चढावर. पणजीकरांना आल्तिनोची टेकडी आहे, मडगावकरांना मोंतची. काहीच नसेल तर इमारतीचा जिना. पहिल्या आठवड्यात मी पाच मजले दोनदा थांबून चढत होते, सहाव्या आठवड्यात न थांबता चार फेऱ्या. वजन मात्र सव्वा किलोच उतरले. ते सांगते अशासाठी की आधी वजन उतरवू आणि मग जाऊ, असे म्हणत बसू नका. दम वजनाच्या आधी सुधारतो.

बीपी, शुगर, हृदयाचे काही, किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘थोडे चालणार आहे’ असे सांगू नका. ‘पहाटे दोन तास चढ चढणार आहे’ असे सांगा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये, कारण चढताना साखर झपाट्याने उतरू शकते.

बूट

इथे जरा थांबते, कारण माझी पहिली खेप बुटांनी बुडवली. कार्तिकात आम्ही एकदा निघालो होतो. माझे बूट दिसायला नवेच, दोन वर्षांत जेमतेम दहा वेळा घातलेले. तिसऱ्या वळणावर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. विजेरी लावून पाहिले तर आतला गोंद पिवळा पडून भुगा झालेला, बोटाने चोळला की पीठ पडत होते. दोन पावसाळे कपाटात काढलेल्या बुटांचे आपल्या हवेत असे होते. ओढणीने तळ बांधून मी खाली उतरले, आणि सगळेच परतले.

म्हणून कपाटातले बूट आधी पंधरा दिवस वापरा. तळ दोन्ही हातांनी पिळून पाहा. नवे घ्यायचे असतील तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. उतरताना नखे काळी पडत नाहीत. मोजे सुती नकोत. घामाने भिजून फोड आणतात.

पाठीवर काय

माणशी दीड लिटर पाणी. एक ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. खायला केळी, भाजलेले काजू, आणि जत्रेत मिळते ते आल्या-गुळाचे खाजे. चढावर खाज्यासारखे दुसरे काही नाही: गूळ लगेच ताकद देतो आणि आल्याने मळमळ बसते. दर पाऊण तासाला दोन कांड्या.

डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाकडे हवी, दोघांत एक चालणार नाही. मोबाईलच्या दिव्यावर भिस्त ठेवू नका. त्याची बॅटरी फोन करायला राखायची आहे. रस्त्यावरून चालणार तर चमकणारी पट्टी असलेले जॅकेट, पाठीवर वाळलेला सदरा, वर पोहोचल्यावर बदलायला. घामाने भिजलेल्या अंगावर माथ्यावरचे वारे लागले की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. काठी जरूर घ्या. बाकी काही नको. पाठपिशवी चार किलोच्या वर गेली की काहीतरी काढा.

वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजून वापरतात. आजच्या मापात तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट ३ किलोमीटरची आणि चढ ३०० मीटरचा, तर ३६ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे तासाहून जरा जास्त. हा धडधाकट माणसाचा वेळ. आपण दुप्पट धरायचा. आम्हांला दोन तास दहा मिनिटे लागली, आणि कोणी घड्याळ पाहत नव्हते कारण अडीच तास आधीच ठरवलेले होते.

सर्वांत हळू चालणारा पुढे

एवढा एकच नियम लक्षात राहिला तरी पुरे. कार्तिकातल्या खेपेला बूट सुटण्याआधीच मी जेरीस आले होते, ते यामुळे. दमदार मित्र पुढे जायचे, वळणावर बसून माझी वाट पाहायचे, आणि मी पोहोचले की उठायचे. म्हणजे विश्रांती त्यांना मिळाली, ज्यांना ती नको होती. मला एकदाही नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते, पण मागे राहिलेला माणूस लाजेने आपल्या कुवतीपेक्षा भराभर चालतो आणि तिथेच संपतो.

माघात आम्ही क्रम बदलला. मी पुढे, माझ्यामागे बाकीचे दोन दमणारे, आणि सर्वांत ताकदीचा मित्र शेवटी. मला मागे टाकून कोणी जायचे नाही. पहिली दहा मिनिटे त्याला ही चाल फार जड गेली, असे त्याने नंतर सांगितले. मग त्यालाही ती लागू पडली.

पावले लहान टाका, जिन्याच्या पायरीपेक्षाही लहान. पुढचा पाय टेकला की मागचा गुडघा क्षणभर सरळ करा, म्हणजे वजन स्नायूंऐवजी हाडांवर येते. एक श्वास घ्या, मग दुसरे पाऊल. वेग बरोबर आहे का हे पाहायला आठाचा पाढा म्हणा. सलग म्हणता आला तर ठीक. आठ पंचे चाळीसला धाप लागली तर हळू व्हा. दर वीस मिनिटांनी तीन मिनिटे थांबायचे, दम लागलेला असो वा नसो. पण बसायचे नाही, काठीवर रेलून उभे राहायचे.

छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी: यांतले काहीही झाले तर तिथेच खाली बसवा आणि १०८ ला फोन करा. ‘आता आलेच, थोडेच राहिले’ असे कोणी म्हणू नये.

अंधारात

रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वळणावर बोलणे थांबवून कान द्या.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ते सगळे वाया जाते. म्हणून विजेरी जमिनीकडे, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडावर मारायची नाही. मोकळ्या, सपाट जागी थांबलात की सगळ्यांनी एकदम दिवे बंद करून पाहा. आम्ही पाचव्या थांब्यावर तसे केले. मी चिऱ्याच्या दरडीला हात टेकून उभी होते. दिवसभराचे ऊन तिच्यात अजून होते, तळहाताला कोमट लागत होते. काजूच्या मोहोराचा वास होता. हळूहळू रस्त्यावर पानांच्या सावल्या उमटल्या, एकेक पान वेगळे मोजता येईल इतक्या स्वच्छ. पाच मिनिटे कोणी बोलले नाही, आणि माझा श्वास कधी जागेवर आला ते कळलेसुद्धा नाही.

पाऊल मात्र उजेडातच टाकायचे. नाग, घोणस, मण्यार, फुरसे, चारही विषारी साप गोव्यात आहेत. दगडावर बसण्याआधी दिवा मारा, फटीत हात घालू नका, पाचोळ्यात शिरू नका. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, कडे, पैंजण काढा, तो अवयव फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि गाडीने थेट मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या, प्रतिविषासाठी. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

उतरताना

वर तासभर बसा. सदरा बदला, पाणी प्या, चहा असेल तर चहा. उतार सोपा वाटतो, पण मांडीच्या स्नायूंना तिथेच खरा मार बसतो, कारण ते ताणले जात असतानाच वजन पेलतात. गुडघे किंचित वाकवून, काठी आधी टेकून, पुन्हा लहान पावलांनी उतरा. मातीच्या वाटेने आडवे उतरायचा मोह टाळा. चिऱ्याची गोल खडी बुटाखाली गोट्यांसारखी फिरते.

आम्ही उतरत असताना एक आजोबा हातात फुलांची पुडी घेऊन वर येत होते. आमच्याकडे, विशेषतः माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “सवकास वचात.” मी म्हटले, “देव बरें करूं,” म्हणजे कोकणीत धन्यवाद. ते आमच्यापेक्षा निम्म्या वेगाने चालत होते आणि एकदाही थांबले नाहीत.

मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात. जिना उतरताना कठडा धरावा लागेल. घाबरू नका. पडून न राहता थोडे चाला, गरम पाण्याने शेका. चौथ्या दिवसापर्यंत ओसरते. गुडघा सुजला किंवा एकाच जागी टोचत राहिला तर ते वेगळे, त्यासाठी डॉक्टर गाठा.