मजकुराला कुलूप लावलं, नोंदींचं काय? फोनवरची पाळत आणि आपल्या हातातले उपाय

बोरिवलीहून चर्चगेटला जाताना फोन खिशातून बाहेर काढला नाही, तरी तुमच्या प्रवासाची नोंद होत असते. कांदिवली, अंधेरी, वांद्रे, दादर असा फोन टॉवर बदलत जातो. मध्येच एखादा कॉल आला किंवा मागच्या मागे डेटा चालला, की कुठल्या टॉवरखाली आणि किती वाजता, हे कंपनीकडे लिहिलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हापासून कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करा. मजकूर म्हणजे तुम्ही काय बोललात, काय लिहिलंत. नोंद म्हणजे कोणाशी, कधी, किती वेळ, कुठून. मजकूर बऱ्यापैकी कुलूपबंद करता येतो, नोंदी मात्र फक्त कमी करता येतात. कायद्यानेही दोन्हींचे दरवाजे वेगळे ठेवलेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली तुमचा मजकूर वाचायचा, तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत नेता येतो. २० डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या आदेशात असा मजकूर वाचायची मुभा असलेल्या दहा यंत्रणांची नावं आहेत. त्यात शहर पोलीस म्हणून फक्त दिल्लीचे आयुक्त आहेत. मुंबई पोलिसांसाठी आदेश मंत्रालयातून, राज्याच्या गृह विभागाकडून निघतो. कॉलच्या नोंदी मात्र तपासाच्या नावाखाली पोलीस कंपनीकडून मागवू शकतात, त्यासाठी गृह सचिवांची सही लागत नाही. यातलं काहीही तुम्हाला कळवायची तरतूद नाही.

(म्हणूनच ‘तुमचा नंबर पाळतीवर आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ असा फोन आला, तर तो भामट्याचा आहे. खरी पाळत फोन करून सांगत नाही आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. कॉल कापा आणि १९३० वर तक्रार करा.)

पहिलं काम बॅकअपचं

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही (यालाच ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात), हे खरं आहे. पण त्याच मेसेजची प्रत गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या खात्यात साधी, कुलुपाविना पडून असेल, तर वाटेत वाचायची गरजच उरत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जा. खाली ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ दिसेल, तो चालू करा. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली निवडायला सांगितलं जातं. किल्ली घेतलीत तर कागदावर लिहून कपाटात ठेवा. तिचा स्क्रीनशॉट काढलात तर तो गॅलरीतून पुन्हा त्याच खात्यात चढतो आणि सगळं मुसळ केरात. पासवर्ड विसरलात तर जुनं काहीही परत मिळत नाही, कंपनीकडूनही नाही.

आयफोनवाल्यांची इथे हमखास चूक होते. व्हॉट्सअ‍ॅपमधला बॅकअप बंदिस्त केला, तरी संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर त्यात चॅटची उघडी प्रत जाते. फोनच्या आयक्लाउड सेटिंगमध्ये ‘आयक्लाउड बॅकअप’ उघडून त्यातल्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण बंद करा. आणि समोरच्याचा बॅकअप उघडा असेल, तर तुमचे मेसेज तिथे उघडेच आहेत. नाजूक बोलणं असेल तिथे गायब होणारे मेसेज लावा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, यातला एक पर्याय निवडता येतो.

कोण कोणाशी बोलतं याची नोंदही कमीत कमी राहावी असं वाटत असेल, तर सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप वापरा. तिथे प्रायव्हसीमध्ये ‘फोन नंबर’ उघडून नंबर कोणाला दिसावा याला ‘कोणालाच नाही’ निवडा आणि लोकांना युजरनेम द्या. टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथले नेहमीचे चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड नसतात. फक्त ‘सीक्रेट चॅट’ तसे असतात आणि ते दरवेळी हाताने सुरू करावे लागतात.

नेटवर काय दिसतं

घरी केबलवाल्याचं नेट असो की मोबाइलचं, साइटचा पत्ता https ने सुरू होत असला की पानावरचा मजकूर झाकला जातो. पण कुठल्या साइटवर गेलात ते नाव कंपनीला दिसतं. ते नाव दोन वाटांनी बाहेर पडतं. एक वाट, म्हणजे फोनने साइटचा पत्ता शोधताना (डीएनएस) नाव विचारणं, अँड्रॉइडमध्ये बंद करता येते. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा, ‘होस्टनेम’ निवडा आणि डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट (dns.quad9.net) हा पत्ता इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाका. दुसरी वाट, म्हणजे जोडणी सुरू होतानाच साइटचं नाव जाणं, बहुतेक ठिकाणी अजून उघडी आहे. एवढ्या उपायाने अदृश्य झालो असं समजू नका. आणि स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडेनासं झालं, तर कारण बहुधा हेच. तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, आत गेल्यावर पुन्हा बदला. तसंही रेलवायरवर ओटीपी देऊनच आत जाता, त्यामुळे तिथला वापर तुमच्या नंबराशी बांधलेला असतो.

व्हीपीएनने, म्हणजे तुमचं सगळं नेट झाकून आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेने, दोन्ही वाटा झाकतात, पण विश्वास फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. जे इंटरनेट कंपनी पाहत होती, ते आता व्हीपीएनवाला पाहतो. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी (नेटवरचा पत्ता) हे पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर नॉर्ड, एक्स्प्रेस, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा बाहेरचा सर्व्हर निवडा आणि फुकटचं व्हीपीएन घेऊ नका. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ ही दोन्ही बटणं चालू करा. नाहीतर बोगद्यात नेट तुटून परत आलं, की मधल्या काही क्षणांत सगळं उघड्यावरून जातं. बँकेची काही अ‍ॅप व्हीपीएनवर चालत नाहीत, त्यांना सेटिंगमधून वगळा. आणि व्हीपीएन लावून गुगलमध्ये लॉगिन केलेलंच राहिलात, तर गुगलच्या लेखी तुम्ही तेच.

नोंदी कमी करणं

गुगल खात्यात ‘डेटा आणि प्रायव्हसी’ उघडा, वेब व अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटीला तीन महिन्यांनी आपोआप पुसायला लावा. लोकेशनची परवानगी एकेक अ‍ॅप पाहून काढा. टॅक्सी आणि नकाशाला ‘वापरताना फक्त’ एवढी परवानगी पुरते, किराणा अ‍ॅपला पत्ता हाताने टाकला तरी चालतं. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. दुसऱ्याने केलेल्या कॉलच्या नोंदी तुमच्या नावावर नकोत.

टॉवरची नोंद टाळायची असेल तर सेटिंगचा उपयोग नाही. फोन बंद करा किंवा घरी ठेवा.

फोनच हातातून गेला तर

चार अंकी पिनला दहा हजार शक्यता, सहा अंकीला दहा लाख. अक्षरं मिसळलेला पासवर्ड त्याहून कितीतरी पक्का. बोट किंवा चेहरा रोजच्यासाठी सोयीचा, पण तुमचं बोट लावून किंवा फोन तुमच्या चेहऱ्यासमोर धरून तो जबरदस्तीने उघडून घेता येतो. वेळ आली तर आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण दोन सेकंद एकत्र दाबा, अँड्रॉइडवर पॉवर मेनूतलं ‘लॉकडाउन’ निवडा. पुढे पासकोडच लागतो. पूर्ण बंद केलेला फोन सगळ्यात पक्का, कारण एकदाही उघडेपर्यंत आतल्या किल्ल्या मेमरीत येतच नाहीत.

पोलिसांनी फोन मागितला तर कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली, हे शांतपणे विचारा आणि वकिलाला फोन लावा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायलाच हवं. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आहे का, हॅश मूल्य (आतला डेटा नंतर बदलला का ते दाखवणारा आकडा) घेतलं असेल तर ते लिहिलंय का, हे सही करण्याआधी पाहा आणि प्रत मागा. त्या क्षणी काही पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच गुन्हा गळ्यात पडतो. कलम ६९ खाली रीतसर आदेश असताना मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून काय ठेवायचं आणि काय आपोआप पुसलं जावं, हे आधीच ठरवून ठेवायचं असतं.

आदेश बेकायदा निघाला तर तो टिकतोच असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्याच आधारे ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि टेप केलेलं संभाषण नष्ट करायला सांगितलं.